परातीएवढे रान

हिवाळा आला की मोबाइलवर एक चित्र हमखास फिरते. उथळ ट्रेमध्ये मेपलची दहा-पंधरा झाडे, पाने लालभडक, बुंध्याशी हिरवे शेवाळ आणि मधून गेलेली बोटभर रुंदीची पाऊलवाट. पाहणाऱ्याला वाटते, हे आपल्या गॅलरीत असावे. कामोठ्यात आमच्या ओळखीच्या काही घरांनी हौसेने मेपलच्या बियाही मागवल्या. उगवले ते चार-दोन कोंब, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेही करपले.

यात नशिबाचा दोष नाही आणि हाताचाही नाही. मेपल हे थंड मुलखातले झाड आहे. पाने गाळून काही आठवडे कडाक्याच्या थंडीत निजणे, ही त्याची गरज आहे. ती झोप मिळाली नाही तर वसंतात पालवी नीट फुटत नाही आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. कामोठ्याची थंडी म्हणजे जानेवारीत फजरच्या वेळी शाल लागते, एवढीच. भारतात मेपल आहे, पण हिमालयात. काश्मीरच्या फोटोंतला प्रसिद्ध चिनार तर मेपल नव्हेच. फक्त पानाचा आकार तसा दिसतो.

मग आपण ही हौस सोडून द्यावी का? मुळीच नाही. मेपल सोडावे, रान सोडू नये.

बोन्सायचे जंगल म्हणजे काय?

'बोन्साय' या जपानी शब्दाचा सरळ अर्थ उथळ भांड्यात लावलेले झाड. ही कला चीनमधून जपानात गेली. एकाच भांड्यात अनेक झाडे लावून जंगलाचा देखावा करण्याच्या पद्धतीला जपानीत 'योसे-उए' म्हणतात, म्हणजे एकत्र लावणी.

या प्रकारातले जगातले बहुधा सर्वांत नावाजलेले काम अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. जपानी वंशाचे अमेरिकी कलाकार जॉन नाका यांनी १९४८ साली त्याची सुरुवात केली. आज त्यात ज्युनिपरची ११ झाडे आहेत. ही ११ झाडे म्हणजे नाका यांची ११ नातवंडे. घरात मूल वाढले तसे रानात झाड वाढले. नातवंडांच्या नावाने सोने-नाणे ठेवणारे आजोबा आपल्याकडेही आहेत. झाड ठेवणारे थोडे.

महाराष्ट्रालाही ही कला नवी नाही. मुंबईत ज्योती व निकुंज पारेख या दांपत्याने ती रुजवली आणि अनेकांना शिकवली. पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१८ मध्ये 'बोन्साय नमस्ते' हे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. म्हणजे आपल्या हवेत बोन्साय होते. प्रश्न फक्त झाड कोणते निवडायचे, एवढाच आहे.

झाड आपल्या मुलखाचे

घाई असेल तर नांदरुक घ्यावा. नर्सरीत तो 'फायकस' म्हणून मिळतो. पान लहान, खोड लवकर जाड होणारे, आणि दमट हवा त्याला मानवते. वड-पिंपळ त्याच्याच गोतातले, पण त्यांची पाने मोठी. छोट्या रानात ती सुपासारखी दिसतात. नांदरुकाला कात्री लागली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये.

सवड असेल तर चिंच. तिला पैसा लागत नाही, चिंचोके स्वयंपाकघरातच असतात. रात्रभर पाण्यात भिजवून लावले की एक-दोन आठवड्यांत उगवतात. पान बारीक, त्यामुळे परातीतही झाड खरे वाटते. संध्याकाळ झाली की पाने मिटतात, आणि मगरिबच्या सुमारास सगळे रान झोपायला निघाल्यासारखे दिसते. इंग्रजीतले चिंचेचे नाव अरबी 'तम्र हिंदी'वरून आले आहे. त्याचा अर्थ हिंदुस्तानी खजूर. मात्र चिंचेचे रान दिसू लागायला तीन-चार वर्षे धीर धरावा लागतो.

लाल रंगाचीच ओढ असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. थंड देशांत लाली पानगळीला येते. आपल्या सह्याद्रीत ती पालवीला येते. फाल्गुनाच्या आसपास कोशिंबाला तांबडी-लाल पाने फुटतात, तेव्हा दुरून झाड पेटल्यासारखे दिसते. ते पाहायला जपानला जावे लागत नाही.

आधी कर्नाळा पाहावा

कात्री हातात घेण्यापूर्वी एका रविवारी मुलांना घेऊन कर्नाळ्याला जावे. पनवेलपासून अर्ध्या तासाच्या आत गोवा महामार्गावर हे पक्षी अभयारण्य आहे, सुमारे १२ चौरस किलोमीटरचे. पक्षी दिसले तर उत्तमच, पण त्या दिवशी झाडांच्या खोडांकडे पाहावे.

रानाच्या आतली झाडे सरळ, सडपातळ असतात. खालच्या फांद्या सावलीत वाळून गेलेल्या आणि पाने फक्त शेंड्याला. कडेची झाडे बाहेर, उजेडाकडे झुकलेली असतात. त्यांना फांद्या एकाच बाजूला असतात, कारण दुसऱ्या बाजूला शेजारी उभा असतो. कुठेही दोन झाडांत सारखे अंतर नाही. कुठे चौघे दाटीने उभे, कुठे मोकळी जागा. सिडकोने रस्त्याकडेला लावलेल्या झाडांची ओळ आणि रान यांतला फरक तिथे मुलांना न सांगता कळतो.

बोन्सायच्या रानाचे सगळे नियम याच पाहण्यातून आले आहेत.

मांडणी

पहिल्या वेळी सात रोपे पुरेत. सगळी एकाच जातीची, पण जाडी आणि उंची वेगवेगळी. विषम संख्येची गोडी वित्र पढणाऱ्या घरांना सांगायला नको. इथे मात्र कारण डोळ्यांचे आहे. सम संख्या असली की नजर जोड्या लावते आणि रानाची रांग होते.

ट्रे साधारण दोन फूट लांब, दोन इंच खोल आणि तळाला भोके असलेला हवा. किचनच्या ओट्यातून उरलेला कडप्पा असेल तर गवंड्याकडून त्याला भोके पाडून घ्यावीत. त्यावर रान फार शोभते. भोकांवर जाळी ठेवावी आणि त्यांतून तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार वर काढून ठेवावी. नुसती बागेतली माती घालू नये, ती पावसात चिखल होते. चाळलेले विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. लावणी जूनमध्ये, हवा ओलसर झाल्यावर करावी.

सर्वांत जाड आणि उंच झाड आधी लावावे, पण मध्यावर नाही. एका बाजूकडून एक तृतीयांश अंतरावर. त्याच्याजवळ त्याच्याहून थोडे लहान दुसरे. अशा चार झाडांचा एक मोठा घोळका करावा. उरलेल्या तिघांचा लहान घोळका दुसऱ्या बाजूला. मधली मोकळी जागा ही पाऊलवाट. ती पुढे रुंद, मागे अरुंद ठेवून थोडी वळवावी आणि झाडांआड नाहीशी होऊ द्यावी. पुढची झाडे थोर, मागची बारीक आणि ठेंगणी असली की दीड वीत जागेत मैलभर खोली दिसते. पुढून पाहिले तर एकही खोड दुसऱ्याच्या मागे झाकू नये. वरून पाहिले तर तीन झाडे एका रेषेत येऊ नयेत.

मुळे छाटून पसरावीत आणि तारेने ट्रेला बांधावीत, नाही तर पहिल्याच वादळी वाऱ्यात रान आडवे होते. मुळांनी पकड घेतली की तार काढावी. शेवाळ विकत घेऊ नये. जुलैत इमारतीच्या कठड्यावर येते तेच खरवडून लावावे.

उथळ मातीला तहान फार. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी हवे. वजूचे साबणाशिवायचे पाणी टबात धरून ठेवले तर तेच पुरते, वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी वाया घालवू नये, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहेच. पावसाळ्यात ट्रेच्या एका बाजूला विटेचा तुकडा लावून तो किंचित कलता ठेवावा. आणि ट्रेखाली पसरट थाळा हवाच. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी पडले, तर ते रान नव्हे, शेजाऱ्याच्या हक्काची पायमल्ली.

रोपवाटिकेतले नाकारलेले रोप

या कलेतली आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. एकट्या बोन्सायसाठी रोप निवडताना लोक खोटे काढतात. एकाच बाजूला फांद्या आहेत, बाद. खोड फार बारीक, बाद. वाकडे वाढले, बाद. रानासाठी नेमकी हीच रोपे हवी असतात. एका बाजूच्या फांद्यांचे रोप कडेला शोभते. बारीक खोडाचे मागे उभे राहिले की रानाला खोली देते. सातही झाडे देखणी, डेरेदार आणि चहूबाजूंनी भरलेली असतील तर रान होतच नाही. सगळी एकमेकांच्या फांद्यांत फांद्या घालतात.

खानदान आणि जमाअत तरी दुसऱ्या कशाने उभी राहते? घरातला अभ्यासात मागे पडणारा मुलगा, कामावरून सुटलेला दीर, एकाकी झालेली फुफी, यांना आपण एकेकटे तोलून पाहतो आणि उणीव मोजतो. जागा शोधून दिली तर त्याच उणिवेने घर भरते. रानात जागा दुबळ्याला आधी पाहतात: त्याला ऊन कुठून मिळेल? थोरल्या झाडाची जागा मोठी असते, कारण त्याला इतरांना सावरायचे असते. झाकून टाकायचे नसते.

हा झाडावर जुलूम तर नाही?

घरातली वडील माणसे हा प्रश्न विचारतात आणि तो योग्यच आहे. बोन्साय उपाशी ठेवून लहान राखतात, हा गैरसमज आहे. वेळेवर पाणी, खत, ऊन मिळाले नाही तर उथळ भांड्यातले झाड मरते; ते जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त सांभाळावे लागते. ते लहान राहते ते फांद्या आणि मुळे छाटल्यामुळे, जसे आपण मेंदीचे कुंपण किंवा गुलाब छाटतो. पण तार खोडात रुतेपर्यंत ठेवणे, हौस फिटली की पाणी तोडणे, सुटीत गावी जाताना रान वाऱ्यावर सोडणे, हा जुलूमच. जिवाची जबाबदारी घ्यायची तर शेवटपर्यंत, नाही तर घेऊ नये.

आणखी एक हिशेब मनाशी ठेवावा. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट होताना या भागातल्या सर्वांनी पाहिला. गॅलरीतले रान त्या डोंगराची भरपाई नाही. त्याची सावली कोणावर पडत नाही, त्याचे फळ कोणी खात नाही. माणसाने लावलेल्या झाडाचे माणूस, पक्षी वा जनावर खाईल तो सदका होय, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. म्हणून आम्ही चिंचेचा आग्रह धरतो. वीस चिंचोके लावावेत. सात रोपे परातीत जावीत. उरलेली जूनमध्ये परवानगी घेऊन सोसायटीच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मैदानाकडेला, कब्रस्तानात किंवा गावाकडच्या बांधावर लावावीत, इमारतीच्या भिंतीपासून लांब. प्रत्येक मुलाचे एक झाड परातीत आणि एक जमिनीत. परातीतले रोज पाहायला, जमिनीतले आपल्यामागे उरायला. इन्शाअल्लाह, त्याची चिंच आपली नातवंडे खातील आणि त्यांच्या आधी पाखरे खातील.