रब्बी म्हणजे पीक नव्हे! ज्यूंच्या नववर्षात या गुरुजींना उसंत का नसते?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की गावोगावी रब्बीची चर्चा सुरू होते. वाल किती, हरभरा किती, बियाणं कुठून आणायचं. नेमक्या त्याच दिवसांत जगभरातले ‘रब्बी’ही कामात बुडालेले असतात. मात्र हे रब्बी वेगळे. पिकाचा रब्बी हा अरबी शब्द, अर्थ वसंत. ज्यू धर्मगुरूंना म्हणतात तो रब्बी हिब्रू शब्द, अर्थ ‘माझे गुरू’. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

रब्बी म्हणजे पुजारी असा समज आहे, तोही बरोबर नाही. सिनेगॉगमध्ये प्रार्थना कुणीही जाणता माणूस म्हणू शकतो. बहुतेक ठिकाणी ते काम ‘हझान’ करतात. रब्बींचं खरं काम शिकवण्याचं, धर्माच्या अडलेल्या प्रश्नावर निर्णय देण्याचं आणि बोलण्याचं.

बोलण्याचा सगळ्यात मोठा हंगाम म्हणजे तिश्री महिन्याचे पहिले दहा दिवस. ज्यू पंचांग चंद्रावर चालतं. आपल्यासारखाच तिथेही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. म्हणून सण ऋतू सोडून भटकत नाहीत. १ आणि २ तिश्रीला रोश हशाना, म्हणजे नववर्ष. मेंढ्याच्या शिंगाचं ‘शोफार’ फुंकलं जातं. १० तिश्रीला योम किप्पूर, सुमारे २५ तासांचा कडक उपास. पाण्याचा थेंबही नाही.

एरवी सिनेगॉगकडे न फिरकणारी माणसंही या दिवसांत येतात. त्यामुळे रब्बींना नववर्षाला प्रवचन, मधल्या शनिवारी प्रवचन, योम किप्पूरच्या आदल्या सायंकाळी प्रवचन, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा प्रवचन. मधल्या दिवसांत आजाऱ्यांना भेटणं, स्मशानभूमीत प्रार्थना, घरगुती भांडणं मिटवणं. कर्मठ पंथात शब्बाथला आणि सणाला गाडी चालत नाही, मोबाइल नाही, माईकही नाही. म्हणजे गुरुजींनी पायी जायचं आणि मोठ्या आवाजात बोलायचं! गंमत अशी की पूर्वी अनेक गावांत रब्बी वर्षातून दोनदाच मोठं प्रवचन करत. एक वल्हांडणाआधीच्या शनिवारी आणि दुसरं याच दहा दिवसांतल्या शनिवारी. दर आठवड्याच्या प्रवचनाची पद्धत नंतर रुळली.

बोलतात काय? विषय बहुतेक एकच, ‘तशुवा’, म्हणजे चुकीच्या वाटेवरून मागे फिरणं. ज्यू धर्मशास्त्राचा नियम इथे फार रोखठोक आहे. देवाशी केलेली चूक उपासाने धुतली जाईल, पण शेजाऱ्याचं नुकसान केलं असेल तर आधी त्याच्याकडे जा, भरपाई द्या, माफी मागा. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा जा. बाराव्या शतकातले पंडित मायमोनिडीस यांनी तर तीन वेळा जायला सांगितलं आहे, सोबत माणसं घेऊन. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरणाऱ्यांना हे पचायला जडच.

रायगडात रब्बीच नव्हते

रायगडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले ‘शनिवार तेली’, यांची गोष्ट मात्र निराळी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. शेकडो वर्षं त्यांच्यात एकही रब्बी नव्हता. धर्मकार्य ‘काजी’ करायचे. तरी सण टिकले, तेही मराठी नावांनी. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरातच बसायचं. दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव ‘नेइला’, त्याचाही अर्थ दार बंद होणं. हा योगायोग असेल, पण विलक्षण आहे.

रब्बींच्या प्रवचनाची जागा इथे पुढे कीर्तनाने घेतली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनात, ओव्या-साक्यांत बांधल्या. हिब्रू न कळणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत धर्म पोचला तो या वाटेने.

रब्बी नसल्याचा फटका पुढे बसला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची लग्नं लावताना वंशाची चौकशी मागितली. तुम्ही खरे ज्यू कशावरून, असाच तो प्रश्न होता. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले. अखेर १९६४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली.

अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चं मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. तेवढे जमले नाहीत तर तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. आता मोजकीच कुटुंबं उरल्याने दारफाळणीला रब्बी कोण येणार, याआधी दहावा माणूस कुठून येणार हे पाहावं लागतं.