अर्धी गेल्यावर

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि निजलेलं मूल जपावं तसा डावा हात मांडीवर जपून ठेवलेला. बस खड्ड्यात आदळली, बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर दोरखंडासारखी फुगलेली शीर दिसली. डायलिसिससाठी करून घेतलेला फिस्टुला होता तो. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला यायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परतायचं. पाच एकर शेत, त्यात कापूस आणि तूर. वय अठ्ठेचाळीस.

"रिपोर्ट तं नार्मल होता ना जी," ते म्हणाले. बीपी वाढलं म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं होतं. मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारं क्रिएटिनीन ठरलेल्या मर्यादेत आलं. कागद घडी करून कपाटात गेला. मी विचारलं, लघवी तपासली होती का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्रश्नच चुकला असावा असं वाटलं. "लघवी? ते कायले? ते तं बायकाईची तपासते."

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला मी त्याच रस्त्यावर आंजीला उतरले.

आंजी (मोठी) हे आर्वी रस्त्यावरचं मोठं गाव. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये ती संस्था काढली, तेव्हापासून डॉक्टर होणाऱ्या मुलांनी खेड्यात जावं हा तिथला दंडक. त्यामुळे आंजीला एप्रन घातलेली तरुण मुलं दिसली तर कुणी वळून बघत नाही. नऊ तारीख निवडली कारण २०१६ पासून देशभर दर महिन्याची नऊ तारीख गरोदर बायांच्या तपासणीची. बाया येतात, वजन होतं, बीपी होतं, रक्त घेतलं जातं आणि प्रत्येकीच्या हाती एक छोटी बाटली दिली जाते.

"पहिली धार सोडा, मधली धरा," आशाताई प्रत्येकीला सांगत होत्या. काही जणी घरूनच नमुना घेऊन आल्या होत्या. एकीची बाटली खोकल्याच्या औषधाची निघाली. प्रयोगशाळेतल्या ताईंनी ती हळूच बाजूला ठेवली आणि तिला नवी डबी दिली. तळाशी औषधाचा गोडवा उरला असेल तर तपासणी लघवीत साखर दाखवते आणि बिचारीला नसलेला मधुमेह चिकटतो. अंगावरून जात असेल तर प्रथिनाचीही चूक होते. म्हणून तर मधली धार.

त्या छोट्या खोलीचा वास मला अजून आठवतो. तापलेली लघवी आणि त्यावर व्हिनेगरसारखा आंबूस झटका. त्यात स्पिरिटच्या दिव्याचा कोरडा वास मिसळलेला. पट्ट्यांची डबी टेबलावर होतीच, पट्टी बुडवली की मिनिटभरात रंग बदलतो. पण पट्टीवर शंका आली की ताई जुनी पद्धत वापरत. परीक्षानळी पाऊण भरायची, तळाशी चिमट्यात धरायची, तिरपी करायची आणि फक्त वरचा भाग दिव्याच्या ज्योतीवर धरायचा. खालचा भाग थंडच ठेवायचा, म्हणजे एकाच नळीत दोन्हींची तुलना होते. वरचा भाग उकळला. ताईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. वर दुधाळ झाक आली होती, खाली स्वच्छ पिवळं. मग तीन-चार थेंब ॲसिटिक ॲसिड. झाक विरली. "फॉस्फेट होतं," त्या म्हणाल्या. "अल्ब्युमिन असतं तं गेलं नसतं."

अंड्याचा पांढरा भाग तव्यावर गोठतो ना, तसंच हे. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, उष्णतेने गोठतं. मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात, एकेका मूत्रपिंडात. दिवसभरात दोन्ही मिळून जवळपास १८० लिटर पाणी त्यांतून गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात ओढलं जातं. चाळणी शाबूत असेल तर कोंडा खाली पडतो, दाणा वर राहतो. दाणा खाली पडू लागला की समजावं, जाळी फाटते आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत. त्यांनी १८२७ मध्ये सूजलेले पाय, गोठणारी लघवी आणि मृत्यूनंतर पाहिलेली आकसलेली मूत्रपिंडं यांचा संबंध लिहून ठेवला. त्या चमच्यापासून आंजीच्या परीक्षानळीपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं गेली, पण ज्योत तीच आणि पांढरी झाक तीच. मला त्यात कमीपणा दिसला नाही. उलट खोलीतून बाहेर पडूनही मी दोनदा परत आत गेले, ती झाक पुन्हा बघायला.

एसटीतल्या गृहस्थांची गोष्ट मी ताईंना सांगितली. नळी धुता धुता त्या म्हणाल्या, "क्रिएटिनीन ना, ते अर्धी गेल्यावर सांगते."

अर्धी गेल्यावर. मी वहीत लिहून घेतलं. मग बाहेर बसलेल्या तरुण डॉक्टरला विचारलं, खरं का? खरं. मूत्रपिंडाची कामाची ताकद साधारण निम्म्यावर येईपर्यंत उरलेल्या चाळण्या जास्तीचा भार उचलतात आणि रक्तातलं क्रिएटिनीन मर्यादेतच दिसत राहतं. शिवाय क्रिएटिनीन येतं स्नायूंतून. पहिलवानाच्या अंगात ते जास्त तयार होतं, वाळलेल्या माणसाच्या अंगात कमी. वयस्क, बारीक, उन्हात राबलेली कापूस वेचणारी बाई घ्या. तिच्या कागदावर आलेला "नॉर्मल" आकडा तरण्याताठ्या माणसाच्या मापाने नॉर्मल असतो. तिच्या अंगावर मांस नाही म्हणून आकडा लहान, मूत्रपिंड चांगलं म्हणून नव्हे. विदर्भातल्या शेतात राबणारी बहुतेक माणसं मला आठवली. कुणाच्या अंगावर मांस आहे?

लघवी मात्र आधी बोलते. मधुमेह झालेल्याच्या लघवीत चिमूटभर अल्ब्युमिन कित्येकदा क्रिएटिनीन हलण्याच्या बरंच आधी दिसतं. ती चिमूट साध्या पट्टीला किंवा ज्योतीला दिसत नाही. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचं गुणोत्तर काढावं लागतं. एका ग्रॅम क्रिएटिनीनमागे अल्ब्युमिन ३० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, वर गेलं तर सावध, ३०० च्या वर गेलं तर फार सावध. एकदा वर आलं म्हणून घाबरायचं नाही. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचे अतिश्रम यांनीही ते वाढतं. म्हणून तीन महिन्यांत पुन्हा बघायचं, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीत. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मी माझ्या ओळखीच्या सात मधुमेहींना फोन केले. साखर सगळ्यांनी तपासली होती. ही तपासणी एकानेच केली होती.

आता मूत्रपिंडाची इजा लवकर सांगणाऱ्या नव्या खुणांकडे येते, कारण वैद्यकातली चर्चा त्यांच्याभोवती आहे आणि ती ऐकून माझेही डोळे दिपले होते. अल्ब्युमिन चाळणीची फाट सांगतं. पण चाळणीच्या पुढे नळ्या असतात, बारीक, वेटोळ्या, सगळं पाणी परत ओढून घेणाऱ्या. नळीच्या पेशी दुखावल्या की त्या स्वतःच काही प्रथिनं लघवीत सोडतात. त्यातलं एक एनगॅल, दुसरं किम-१. किम-१ हार्वर्डमधल्या जोसेफ बॉन्व्हेंटर यांच्या गटाने १९९८ मध्ये जगापुढे आणलं. एनगॅलची गोष्ट अधिक चटका लावणारी. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात प्रसाद देवराजन आणि सहकाऱ्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. लॅन्सेटमध्ये २००५ साली तो अभ्यास आला. ज्यांच्या मूत्रपिंडाला पुढे इजा झालेली दिसली, त्यांच्या लघवीत एनगॅल दोन तासांत चढलं होतं. रक्तातलं क्रिएटिनीन चढायला एक ते तीन दिवस लागले.

दोन तास आणि तीन दिवस. हा फरक आंजीच्या शिवारात काय म्हणतो? पावसाळ्यात निंदण चालू असतं, पऱ्हाटीच्या बुडाशी हात जातो आणि घोणस डसते. इकडे तिला परड म्हणतात. तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंडाच्या नळ्या मरतात. दवाखान्यात रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात, प्रतिविष देतात आणि मूत्रपिंडाचं कळायला क्रिएटिनीनची वाट बघतात. तोवर एक-दोन दिवस गेलेले असतात. तिथे दोन तासांत बोलणारी खूण हाती असली तर कुणाला मोठ्या दवाखान्यात आधी न्यायचं हे ठरवता येईल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना शेतात राबून, पाणी कमी पिऊन, अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेली दुखीची गोळी खाऊन जी मूत्रपिंडं हळूहळू झिजतात, त्यांचंही तसंच. त्या झिजेत नळ्या आधी जातात, चाळणी नंतर. म्हणजे अशा माणसाची परीक्षानळी स्वच्छ राहू शकते आणि झीज चालूच राहते. बुलडाणा, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, आंध्रातल्या उद्दानमच्या नारळबागांत ज्या घरांनी एकामागून एक माणसं मूत्रपिंडाच्या आजारात गमावली, तिथे नळ्यांच्या खुणा बघण्याला म्हणूनच अर्थ आहे.

तरीही मी ज्योतीच्या बाजूची आहे. नव्या खुणा महाग आहेत, लघवीच्या साध्या संसर्गातही एनगॅल चढतं, आणि ती मोजायला लागणारं यंत्र गावात नाही. गावात आहे ती पट्टी, परीक्षानळी, चिमटा, आणि नळी नीट तिरपी धरता येणारा एक हात. अल्ब्युमिन लवकर सापडलं तर पुढे करण्यासारखंही बरंच आहे. बीपीची ठराविक जातीची औषधं प्रथिनाची गळती कमी करतात. मधुमेहासाठी निघालेलं डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाचीही राखण करतं, आणि त्याचं पेटंट संपल्यापासून भारतात ते परवडेल अशा किमतीत मिळतं. फार उशीर झाला की यातलं फारसं काही उरत नाही. उरते ती एसटी, आठवड्यातून दोनदा.

आणि मला सलत राहिलं ते हे. त्या सकाळी जितक्या बाटल्या टेबलावर आल्या, त्या सगळ्या बायांच्या होत्या. पोटात मूल आहे तोवर बाईची लघवी दर भेटीला तपासली जाते, कारण झटके येण्याचा धोका. बाळंतपण झालं की तिचीही बाटली बंद. पुरुषाची तर सुरूच होत नाही.

दुपारी गर्दी ओसरली. एका बाईबरोबर तिचा नवरा आला होता, पस्तिशीचा असेल. बायकोचे कागद हातात घेऊन तो दाराशी उभा. खिशात गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. ताईंनी विचारलं, कशाची गोळी? बीपीची, वर्ष झालं.

"अन् लघवी कधी तपासली?"

"माई?" तो हसला. "मी का गर्भार हाये?"

बायकोही पदर तोंडाशी धरून हसली. ताई हसल्या नाहीत. त्या आत डॉक्टरांशी बोलून आल्या आणि त्याच्या हातात डबी दिली. "पहिली सोडजा, मधली धरजा."

तो लाजत गेला, लाजत आला. पट्टीचा रंग हिरवटाकडे झुकला. ताईंनी दिवा पेटवला. नळीचा वरचा भाग तडतडून उकळला, झाक आली. मी नकळत पुढे सरकले होते. एक थेंब, दोन, तीन, चार. त्यांनी नळी खिडकीशी धरली, पाठीमागे एका छापील कागदाची अक्षरं ठेवली आणि वाचून बघितली. अक्षरं धूसर दिसत होती. झाक गेली नव्हती.

त्यांनी वहीत एक अधिक चिन्ह काढलं. घाईने काही बोलल्या नाहीत. पुन्हा एकदा बघावं लागते, सकाळची पहिली लघवी पाहिजे, आणि रक्तही देऊन जा, इतकंच म्हणाल्या. दुखीच्या गोळ्या घेतो का, तेही विचारलं. कधीमधी, तो म्हणाला. फवारणी झाली की अंग लय दुखते.

"उपाशी यावं लागंन का?"

"नाई. जेवून या, पण या."

"उद्या मजूर लावले आहे, ताई. वेचणी हाये."

"मंग परवा आणा."

त्याने नवी डबी शर्टच्या खिशात ठेवली, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. बायकोने ती काढून आपल्या पिशवीत टाकली.