गाळणीतून काय निसटते?

कळवा स्थानकावरून डोंबिवलीला जायचे आहे. रेल्वेचे सगळे वेळापत्रक आपल्याला नको असते. हव्या त्या गाड्या तेवढ्या निवडायच्या. समजा, संगणकाला आपण अट लिहून दिली : 'शेवटचे स्थानक कल्याण किंवा डोंबिवली आणि गाडी धीमी'. माणसाला यातला अर्थ कळतो. संगणक मात्र सहसा 'आणि' आधी जोडतो, 'किंवा' नंतर. म्हणून 'डोंबिवली आणि धीमी' असा एक गट होतो, आणि कल्याणच्या साऱ्या गाड्या, कळव्याला न थांबणाऱ्या जलद गाड्यांसह, यादीत घुसतात! 'कल्याण किंवा डोंबिवली' भोवती कंस घातला की ही चूक टळते.

तरीही एक दोष राहतोच. २०२४ मध्ये गर्दीच्या वेळच्या मोजक्या जलद गाड्यांना कळव्याला थांबा देण्यात आला. 'धीमी' या अटीने त्या गळून पडतात. खरी अट 'कळव्याला थांबते' ही होती.

अशाच गाळण्या संगणकाची आज्ञावली संथ का चालते हे शोधताना लावाव्या लागतात. या तपासणीला प्रोफायलिंग म्हणतात. आज्ञावलीचे प्रत्येक छोटे काम, म्हणजे फंक्शन, किती वेळ चालले याची नोंद ठेवली जाते. डोनाल्ड नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतल्या आज्ञावल्या तपासल्या, तेव्हा साधारणपणे ४ टक्क्यांहूनही कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो असे आढळले. तो भाग नोंदींच्या ढिगात शोधायचा कसा?

समजा, निकालपत्रे तयार करणारी आज्ञावली ६० सेकंद घेते. फाइल उघडण्याचे काम २० वेळा होते, प्रत्येक वेळी १२० मिलिसेकंद. श्रेणी ठरवण्याचे काम ५०,००० वेळा होते, प्रत्येक वेळी अवघा १ मिलिसेकंद. आता 'वेळ १०० मिलिसेकंदांहून अधिक' अशी अट लावा. पडद्यावर फाइलच्या २० नोंदी उरतात, आणि शेकडा प्रमाण उरलेल्या नोंदींवरून काढले तर फाइलचा वाटा १०० टक्के दिसतो! गुन्हेगार सापडला असे वाटते. पण गुणाकार करा : फाइलचे २.४ सेकंद, श्रेणीचे ५० सेकंद. फाइलचे काम शून्य वेळात उरकले तरी ६० चे ५७.६ होतील, श्रेणीचे काम दुप्पट वेगाने झाले तर ३५.

म्हणून आधी प्रत्येक फंक्शनच्या वेळेची बेरीज करावी आणि अट त्या बेरजेला लावावी : 'एकूण वेळ ५ सेकंदांहून अधिक'. शिवाय गाळणीने किती नोंदी बाजूला टाकल्या, तो आकडाही पाहावा. तो पाहण्याचा कंटाळा फार जणांना असतो.

शिक्षकांना हा प्रयोग हजेरीपटावर करता येईल. एक यादी 'सलग ३ दिवसांहून अधिक गैरहजर' या अटीने काढावी, दुसरी 'सत्रात एकूण १० दिवसांहून अधिक गैरहजर' या अटीने. दर सोमवारी दांडी मारणारा विद्यार्थी कोणत्या यादीत सापडतो?