चाळिशीनंतर फळ्यासमोर

मागच्या व्याख्यानानंतर आमच्या हातात एक चिठ्ठी आली. लिहिणारे गृहस्थ आंबेगाव तालुक्यातले. वय ४४, चाकणच्या एका कारखान्यात वीस वर्षं नोकरी. त्यांनी विचारलंय, "सर, नोकरी सोडून शिक्षक व्हावं असं फार दिवस मनात आहे. बायको म्हणते, तुम्हाला पोरांना शिकवायचंय की कंपनीतून सुटायचंय, ते आधी ठरवा. काय करू?" आजचं व्याख्यान या चिठ्ठीवर.

आधी आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी, जुन्नरकडचा, हाच प्रश्न घेऊन आला होता. चांगला अभियंता होता. आम्ही चहा संपायच्या आत म्हणालो, "जा, शाळांना तुझ्यासारख्यांचीच गरज आहे." त्याला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. तो जूनमध्ये एका खाजगी शाळेत लागला आणि दिवाळीच्या आत बाहेर पडला. "मला सगळं येतं सर, पण पोरांना कळत नाही," असं तो म्हणाला. जुनी नोकरी गेली ती गेलीच. म्हणून या वेळी आम्ही घाई करणार नाही.

"मला येतं, पण पोरांना कळत नाही." हे वाक्य नीट बघू. येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटांचा हिशेब तोंडी करणारा माणूस घ्या. ४७ आणि ३८ म्हटलं की तो ८५ म्हणून मोकळा. आता तिसरीतली मुलगी तेच गणित करते आणि उत्तर लिहिते ७१५. सात नि आठ पंधरा, चार नि तीन सात. हिशेबनीस म्हणेल, "अगं, हातचा घे की!" मुलगी विचारते, "का?" इथे त्याची गाडी अडते. तो तीस वर्षं हातचा घेतोय, पण का घेतो हे त्याला कधी कुणी विचारलेलंच नाही.

उत्तर आपल्या जुन्नर तालुक्याच्या कड्यावर आहे. नाणेघाटाच्या लेण्यातल्या सातवाहन लेखात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेत. त्या अंकपद्धतीत दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आपल्याकडे तसं नाही. आपला एकच '१' घर बदलला की दहा होतो, आणखी एक घर सरकला की शंभर. म्हणून एककाच्या घरात पंधरा झाले की त्यातल्या दहांना शेजारच्या घरी पाठवावं लागतं. हा हातचा. त्या मुलीची बेरीज चुकलेली नाही, तिला घरांचा नियम कळलेला नाही. तिची चूक मूर्खपणाची नसून तिच्यामागे एक विचार आहे, हे जो ओळखतो तो शिक्षक. आमच्या त्या विद्यार्थ्याला गणित उत्तम येत होतं. ७१५ कुठून आले, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही.

आता थोडं दूर जाऊ. लुडविग विटगेन्स्टाइन हे विसाव्या शतकातलं तत्त्वज्ञानातलं फार मोठं नाव. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर यांनी वडिलोपार्जित अफाट संपत्ती भावंडांना देऊन टाकली, व्हिएन्नात शिक्षक-प्रशिक्षण घेतलं आणि १९२० साली, एकतिसाव्या वर्षी, ऑस्ट्रियातल्या ट्राटेनबाख या खेड्यात प्राथमिक शिक्षक झाले. त्यांनी मुलांकडून मांजराचा सांगाडा जोडून घेतला, त्यांना व्हिएन्ना दाखवायला नेलं. १९२६ साली त्यांनी शाळकरी मुलांसाठी शब्दकोश छापला. हुशार मुलांना ते आवडत. पण गणितात मागे पडणाऱ्या मुलांवर त्यांचा संयम सुटे, हात उठे. एप्रिल १९२६ मध्ये ओटरटाल गावी त्यांनी मारलेला एक मुलगा बेशुद्ध पडला आणि त्यांनी शाळा सोडली. दहा वर्षांनी ते परत त्या भागात गेले आणि विद्यार्थ्यांची माफी मागितली. बुद्धी होती, त्याग होता, प्रशिक्षणही होतं. कमी पडलं ते न समजणाऱ्या मुलाशेजारी शांत बसणं. त्यांच्या पुढच्या लिखाणात "मूल शब्द कसा शिकतं" याची उदाहरणं पुन्हा पुन्हा येतात, ती उगीच नव्हेत असं आम्हाला वाटतं.

मग बाहेरून आलेल्या माणसाला जमतच नाही का? जमतं. आपल्या मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचं आहे, तिचे संस्थापक भाऊराव पाटील आधी ओगले यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल विकत फिरत. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी संस्था काढली तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. ते काही वर्गशिक्षक नव्हेत, पण जुन्या कामातलं काय बरोबर आणायचं हे त्यांच्याकडून शिकावं. गावोगाव हिंडून लोकांच्या ओसरीवर बसायची सवय त्यांनी आणली. कुठल्या घरातलं पोर शाळेबाहेर आहे आणि का, हे त्यांना ठाऊक असे. आणि १९३५ साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढलं. तळमळ पुरते असं त्यांना वाटलं असतं, तर हा खटाटोप त्यांनी केला नसता.

आता व्यवहार. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड., सहावी ते आठवीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे टीईटी हवी. नववी-दहावीला बी.एड. दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेची भरती अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून होते. राज्याच्या नोकरभरतीत वयाची कमाल मर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ती अधूनमधून शिथिल होते, पण तिच्या भरवशावर राजीनामा देऊ नये. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी मुख्यतः खाजगी विनाअनुदानित शाळा किंवा तासिका तत्त्वावरचं काम उरतं, आणि तिथला पगार बेताचा. घरी कर्जाचा हप्ता असेल, मुलं बारावीला असतील, तर हे आकडे बायकोसमोर मांडूनच बोलावं.

म्हणून या गृहस्थांना आमचं सांगणं असं. नोकरी सोडू नका. आधी सहा महिने सुट्टीचा एक दिवस द्या. गावातल्या मुख्याध्यापकांना विचारून शेवटच्या बाकावर बसा. शिकवू नका, बघा. मग मागे पडलेली दोनच मुलं घ्या आणि त्यांची प्रत्येक चूक वहीत लिहा: काय चुकलं, आणि असं का वाटलं असेल. २८ फेब्रुवारीला खोडदच्या दुर्बिणीवर विज्ञान प्रदर्शन असतं, आपल्या तालुक्यांतल्या शाळा तिथे प्रयोग घेऊन जातात. एखाद्या गटाला तयारीत मदत करा, पण प्रयोग स्वतः जोडून देऊ नका. हात शिवशिवतील, तरी खिशात ठेवा. डिंभ्याच्या वरच्या अंगाला गेलात, तर आधी मुलांची घरची बोली ऐका. हिरड्याच्या दिवसांत पोर शाळेत का दिसत नाही, हे हजेरीपटावरून कळणार नाही, घरी जाऊन कळेल.

सहा महिन्यांनी वही उघडा. कारखान्यात सदोष माल बाजूला काढायची तुम्हाला सवय आहे. इथे ती सोडावी लागेल, कारण इथे चूक बाजूला काढायची नसते, तिथूनच सुरुवात करायची असते. त्या वहीतल्या चुका वाचताना कंटाळा आला, तर तुम्हाला कंपनीतून सुटायचं होतं. त्यात काही लाज नाही, त्यासाठी दुसरे मार्ग आहेत. आणि पुढच्या रविवारी त्या पोराला काय विचारायचं हेच डोक्यात घोळत राहिलं, तर बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मग तिला सांगा, बी.एड.च्या दोन वर्षांचा खर्च दोघांनी बसून मांडा. आणि जमलं तर आम्हालाही एक चिठ्ठी पाठवा. या वेळी आम्ही आधी प्रश्न विचारू.