दिल्लीचा शब्द, कोलकात्याचं पाणी

शेजार : लेखांक ६

भारत आणि बांगलादेश यांच्यात ५४ सामायिक नद्या आहेत, हे मागच्या लेखांकात आलंच. फेणी आणि कुशियारा या नद्यांबाबतचे छोटे समझोते सोडले, तर पाणीवाटपाचा भक्कम करार आजवर एकाच नदीचा झाला, तो गंगेचा. तीस्तेचा होता होता राहिला. एक जमला आणि दुसरा फिसकटला, असं का? ढाका आणि दिल्लीतले कागद चाळून याचं उत्तर अर्धवटच मिळतं. उरलेलं उत्तर कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये, म्हणजे राज्याच्या तेव्हाच्या सचिवालयात आहे.

आधी कायद्याचं पाहू. परराष्ट्रांशी करार करणं हा केंद्राचा विषय. राज्यघटनेच्या २५३व्या कलमानुसार असा करार अमलात आणायला संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे कागदोपत्री राज्याचा होकार लागत नाही. पण पाणी राज्यसूचीत आहे, आणि नदीकाठचा मतदारही राज्याचाच. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक भांडले तेव्हा दोघांना लवादापुढे वकील उभे करता आले. नदी देशाची हद्द ओलांडते तेव्हा काठच्या राज्याला असं हक्काचं व्यासपीठ उरत नाही. दिल्लीने विचारलं तर विचारलं!

१९९६ साली दिल्लीने विचारलं. देवेगौडांचं संयुक्त आघाडीचं सरकार होतं, इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री होते, आणि बंगालमध्ये सत्तेवर असलेल्या मार्क्सवाद्यांचा पाठिंबा बाहेरून होता. करारावर सह्या होण्याच्या काही दिवस आधी, नोव्हेंबरच्या अखेरीला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला जाऊन आले. मुख्यमंत्र्याने शेजारी देशात जाऊन पाण्यावर बोलणी करावीत, हे आपल्याकडे क्वचितच घडतं. १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या.

या करारातलं गणित वाचण्यासारखं आहे. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांत गंगेवरच्या फराक्का धरणापाशी पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने मोजायचं. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर गेला तर भारताला ४० हजार आणि उरलेलं बांगलादेशाला. शिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दोन्ही देशांना आळीपाळीने दहा-दहा दिवस ३५ हजारांची हमी. यातले भारताचे ४० हजार कुठून आले? कोलकाता बंदरातला गाळ वाहून नेण्यासाठी फराक्क्याहून भागीरथी-हुगळीकडे जो कालवा काढला आहे, त्याची क्षमताच तेवढी आहे. म्हणजे बंगालची गरज थेट करारातल्या आकड्यात उतरली. मला हा करार आदर्श वाटत नाही, पण यात कोणाची नड आहे हे पाहून आकडे मांडलेले दिसतात.

आता २०११. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले. सोबत आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामचे मुख्यमंत्री होते. बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी ऐन वेळी मागे राहिल्या. तीस्तेच्या मसुद्यातला बांगलादेशाचा वाटा आपल्याला सांगितला होता त्यापेक्षा जास्त आहे, अशी त्यांची तक्रार होती. तीस्तेचा करार बारगळला. ईशान्येकडे जायला भारताला हवी असलेली वाहतुकीची सवलतही मग ढाक्याने त्या दौऱ्यात पुढे सरकवली नाही.

याला आघाडीचं राजकारण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण केंद्रातलं सरकार बंगालच्या सत्ताधारी पक्षाच्या पाठिंब्यावर उभं होतं, हे १९९६ लाही खरं होतं आणि २०११ लाही. तेव्हा फरक दुसरीकडे शोधायला हवा. बसू मसुदा घडत असताना आत होते. ममतांना मुख्यमंत्री होऊन चार महिनेही झाले नव्हते आणि त्यांच्यापुढे जवळपास तयार मसुदा आला. शिवाय फराक्क्याचं धरण केंद्राच्या ताब्यात आहे, तर तीस्तेवरचं गाजलडोबाचं धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे. त्याचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे दिल्लीतून ठरत नाही. त्यामुळे तीस्तेचा करार रेटून केला असता, तरी तो पाळला गेला असता का, याची मला शंका आहे.

याच काळात आणखी एक करार तडीला गेला, तो सीमेचा. १९७४ च्या इंदिरा-मुजीब कराराने ठरलेली जमिनीची अदलाबदल ४१ वर्षं रखडली होती. बांगलादेशाच्या पोटात भारताच्या १११ वस्त्या आणि भारताच्या पोटात बांगलादेशाच्या ५१. कूचबिहारकडे त्यांना छिटमहाल म्हणतात. दहाला खागराबाडी नावाचा पावणेदोन एकरांचा तुकडा तर असा, की भारताचं शेत बांगलादेशाच्या गावात, ते गाव भारताच्या गावात आणि तेही गाव पुन्हा बांगलादेशात. नकाशा काढणाऱ्याचीही भंबेरी उडावी!

ममतांचा या करारालाही आधी विरोधच होता. डिसेंबर २०१४ मध्ये कूचबिहारच्या सभेत त्यांनी होकार दिला. पुनर्वसनाचा खर्च केंद्राने उचलावा, ही त्यांची मागणी होती आणि केंद्राने सुमारे तीन हजार कोटींची तयारी दाखवली. आसामला करारातून वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोईंनीच विरोध केला आणि आसाम पुन्हा आत आला. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. जुलैमध्ये दोन्ही देशांची संयुक्त पथकं वस्त्यावस्त्यांत फिरली आणि दर कुटुंबाला विचारलं : कोणत्या देशाचं नागरिकत्व हवं? भारतातल्या बांगलादेशी वस्त्यांमधून एकानेही तिकडे जायचं नाव काढलं नाही. पलीकडच्या भारतीय वस्त्यांमधून हजारभर लोकांनी भारत निवडला. ३१ जुलैच्या मध्यरात्री जमिनीची अदलाबदल झाली. पुढचं चित्र मात्र तितकं साजरं नाही. आलेल्या कुटुंबांना दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या छावण्यांत पत्र्याच्या खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं काढावी लागली. तरी पर्याय त्यांनी स्वतः निवडला होता.

तीस्तेच्या बाबतीत असा प्रश्न काठच्या शेतकऱ्याला कोणी विचारलेला नाही, गाजलडोबाच्या खालीही नाही आणि पलीकडे बांगलादेशातल्या डालियाच्या कालव्यांवरही नाही. सिक्कीमला तर या चर्चेत खुर्चीच नाही, आणि तीस्ता उगम पावते सिक्कीममध्ये. फराक्क्याचंही तसंच. धरणामुळे गाळ साचून आपल्याकडे पूर येतो, असं बिहार वर्षानुवर्षं सांगतो आहे, मालदा-मुर्शिदाबादचे लोक काठाच्या धुपीने गावं गमावत आहेत. १९९६ च्या कागदात या दोघांचीही सोय नव्हती.

जून २०२४ मध्ये हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा गंगा कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक चर्चा सुरू करायचं ठरलं. दोनच दिवसांत ममतांचं पंतप्रधानांना पत्र गेलं : आम्हाला विचारलं नाही. ऑगस्टमध्ये हसीनांना देश सोडावा लागला आणि बोलणी करायला ढाक्यात समोरचा माणूसच बदलला. गंगा कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. नव्या करारासाठी दिल्लीने ढाक्याआधी कोलकाता आणि पाटण्याला बसवून बोलावं, मालदाच्या गावकऱ्यांसह. सह्यांच्या आदल्या आठवड्यात पाठवलेल्या मसुद्याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

(पुढील लेखांकात : भूतानच्या राष्ट्रीय परिषदेने चार देशांचा मोटारवाहन करार का अडवला?)