गाडी तापली तर आधी झाकणापासून लांब राहा

पुनावळ्याच्या अंडरपासला संध्याकाळी होणारी कोंडी आपल्याकडच्या प्रत्येकाने अनुभवलीय. गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकते, एसी चालू असतो आणि समोरून वारा नसतो. अशा वेळी रेडिएटर थंड ठेवायचं काम एकट्या पंख्यावर पडतं. पंख्याचा फ्यूज उडाला असेल तर मोकळ्या हायवेवर कळतही नाही, कोंडीत मात्र काटा चढायला लागतो. ईदला गावी निघालेल्यांची तऱ्हा वेगळी. गाडीत सहा-सात माणसं, डिकी भरलेली आणि पुढे खंबाटकीचा चढ. तिथे लोडमुळेच इंजिन तापतं.

काटा वर सरकतोय, पण लाल पट्ट्यात गेलेला नाही, तेव्हा एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल करा. उन्हाळ्यात हीटर म्हटलं की घरचे ओरडतील, पण तो इंजिनचीच उष्णता बाहेर ओढतो. काही गाड्यांना काटाच नसतो, फक्त लाल दिवा लागतो. तो लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली, की "अजून दोन किलोमीटर" हा हिशेब करू नका. गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, पार्किंग लाइट आणि त्रिकोण लावा. मुलांना आणि अम्मी-अब्बांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट उडतं, आणि मग खर्च कूलंटच्या डब्याचा राहत नाही, इंजिन उतरवावं लागतं.

आता झाकणाचं. रेडिएटर बंद असल्यामुळे आत दाब असतो, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो, तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर उडतं. मदतीला धावून आलेला कुणी "अरे भाई, खोल दे" म्हणाला, तरी किमान अर्धा तास थांबा. वरचा पाइप हाताला गार लागला, की जाड फडकं धरून हळूहळू सोडा. भाजलंच तर 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट नको. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर थेट दवाखाना.

तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणंही नको, धातूला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर कूलंट कमी दिसला, तर अडचणीत पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालतं. गॅरेजला गेल्यावर मात्र ते काढून कूलंट भरून घ्या. आपल्या सोसायट्यांत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. बादलीत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

पाणी भरूनही पातळी उतरतच राहिली, मागून पांढरा धूर आला किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर गाडी चालवू नका, टो करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा नंबर आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या. निघायच्या आदल्या दिवशी, गाडी गार असताना, कूलंटची पातळी मिन आणि मॅक्सच्या खुणांमध्ये आहे ना, एवढं बघा. आणि बांधकामांच्या धुळीने रेडिएटरची जाळी बुजली असेल तर धुऊन घ्या.