डॉक्टरांच्या खिशांतील गणित

सन २००४ च्या श्रावणांत आमच्या वडील आत्याबाईंचा डावा पाय एकाएकीं सुजला. पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याचें निदान होऊन त्यांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. वय तेव्हां ऐंशीं वर्षांचें. रक्त आणखी गोठूं नये म्हणून एनॉक्सापॅरिन नांवाच्या औषधाचीं इंजेक्शनें द्यावयाचें ठरलें. आमचा पुतण्या नुकताच डॉक्टर होऊन तेथेंच उमेदवारी करीत होता. त्यानें खिशांतून तपकिरीच्या डबीहून थोडें मोठें असें एक यंत्र काढलें, बारीक काडीनें त्याच्या कांचेवर कांहीं टिपलें, आणि आम्हांस विचारलें, "काका, आत्याआजीचें वजन किती?"

आमचें घर पंधरा माणसांचें. कोणाच्या मुंजीस किती पान उठलें हें आम्ही आजहि सांगूं शकूं. परंतु जिनें आम्हांस लहानाचे मोठे केलें तिचें वजन घरांत एकासहि ठाऊक नव्हतें. "पन्नास किलो असेल," आम्ही ठोकून दिलें.

पुतण्याचें समाधान झालें नाहीं. आत्याबाईंना कांट्यावर उभें राहवत नव्हतें. तेव्हां त्यांना दोन्ही हातांवर उचलून घेऊन तो स्वतः कांट्यावर चढला, मग एकटा चढला, आणि वजाबाकी केली. १०४ तून ६४ गेले, राहिले ४०. या दहा किलोंच्या फरकाचें महत्त्व काय हें त्यानें त्या रात्रीं आम्हांस समजावून दिलें, तें येथें देत आहों.

प्रथम त्या यंत्राविषयीं थोडें. तो हातांत मावणारा संगणक होता; त्याचें नांव पाम. पहिलीं पाम यंत्रें अमेरिकेंत १९९६ सालीं निघालीं, व त्यांतील लहान यंत्राची सगळी स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती. त्यावर इंग्रजी अक्षरें एका विशेष वळणानें काढावीं लागत. बहुतेक अक्षर काडी न उचलतां एका फटकाऱ्यांत पुरें व्हावयाचें. आम्हांस ती इंग्रजीची मोडीच वाटली! डॉक्टर मंडळींनीं हें यंत्र लौकर उचललें, कारण औषधांच्या याद्या आणि वैद्यकांतील नाना सूत्रें त्यांत भरून ठेवतां येत. पामचीं यंत्रें आतां बाजारांत नाहींत. तेच प्रोग्राम फोनमध्यें आले आहेत.

सूत्रें पाठ कां करूं नयेत, असा आमचा मास्तरी प्रश्न होता. आम्ही पावकी, निमकी, दिडकी घोकलेले लोक. परंतु हृदयाच्या आलेखावरील एक अंतर नाडीच्या गतीप्रमाणें सुधारून घेण्यासाठीं बॅझेटच्या १९२० च्या सूत्रांत वर्गमूळ काढावें लागतें. भाजलेल्या रोग्यास किती सलाईन द्यावें हें त्याचें वजन आणि भाजलेल्या त्वचेचें शेंकडा प्रमाण यांवरून ठरवावें लागतें, व त्याचा पहिला अर्धा भाग भाजल्या वेळेपासून आठ तासांत द्यावा लागतो. रात्रीं तीन वाजतां, जागरणानें डोळे मिटत असतां, वर्गमूळ चुकणारच. यंत्र तेथें चुकत नाहीं.

आत्याबाईंसाठीं लागलें तें सूत्र कॉक्रॉफ्ट व गॉल्ट या दोघांनीं कॅनडांत १९७६ सालीं प्रसिद्ध केलेलें. मूत्रपिंडें मिनिटास किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिन या द्रव्यापासून शुद्ध करतात याचा तें अदमास देतें. रीत अशी: १४० तून वय वजा करावें, बाकीस वजनानें गुणावें, आणि रक्तांतील क्रिएटिनिनच्या ७२ पटीनें भागावें, रोगी स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ नें गुणावें. वजनाशीं त्रैराशिक आणि क्रिएटिनिनशीं व्यस्त त्रैराशिक. लीलावती शिकलेल्यास यांत कांहींच अवघड नाहीं.

आत्याबाईंचें क्रिएटिनिन १.० होतें. तपासणीच्या कागदावर तें "प्राकृत" म्हणून छापलें होतें व आम्ही निश्चिंत होतों. परंतु तीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचें क्रिएटिनिन १.० असेल तर सूत्राचें उत्तर सुमारें १०७ येतें. आत्याबाईंचें आलें २८! हौदांत धार मोठी असून मोरी मोकळी असेल तर पाण्याची जी पातळी राहील, तीच धार बारीक असून मोरी तुंबली असली तरी राहूं शकेल. क्रिएटिनिन स्नायूंतून येतें. म्हाताऱ्या, कृश माणसाची धारच बारीक. म्हणून पातळी पाहून मोरीचा अंदाज करतां येत नाहीं.

आतां आमचे पन्नास किलो घालून पाहावें. उत्तर ३५ येतें. एनॉक्सापॅरिनची उपचाराची नेहमींची मात्रा दर किलोस एक मिलिग्रॅम, दिवसांतून दोन वेळां. परंतु वरील आंकडा ३० च्या खालीं असेल तर एकच वेळ. म्हणजे आमच्या अंदाजानें आत्याबाईंस दिवसास १०० मिलिग्रॅम औषध मिळालें असतें, आणि योग्य मात्रा होती ४०. हें औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें; न पडल्यास सांचतें, आणि मग पोटांत किंवा मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भय. यंत्रानें दोन्ही गणितें सारख्याच तत्परतेनें व सारख्याच ठाम आंकड्यांत सोडवलीं असतीं, हें ऐकून आम्ही बराच वेळ बोललों नाहीं.

सूत्रांचाहि एक इतिहास असतो. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट यांचे रुग्ण २४९, व ते जवळजवळ सगळे पुरुष, स्त्रियांचें ०.८५ हें त्यावर बसविलेलें अनुमान. शरीराचें पृष्ठफळ काढण्याचें ड्यू बॉइस यांचें १९१६ चें सूत्र तर अवघ्या नऊ माणसांच्या मापांवर उभें आहे, आणि कर्करोगाच्या औषधांसाठीं तें अजूनहि वापरतात. मूत्रपिंडांविषयींच्या २००९ च्या एका सूत्रांत कृष्णवर्णी रोग्यांसाठीं वेगळा गुणक होता. तो २०२१ मध्यें काढून टाकला. ज्याच्या यंत्रांत जुनें सूत्र राहिलें त्यास जुनेंच उत्तर मिळणार.

मापांचा घोटाळा तर पुरातन आहे. शार्ङ्गधरसंहितेंत मागध व कालिंग अशीं दोन मानें दिलीं आहेत. आजच्या प्रयोगशाळांतहि दोन मानें चालतात. आपल्याकडे क्रिएटिनिन १.० लिहितात तेंच युरोपांत ८८ लिहितात. ही चूक निदान उत्तराच्या विक्षिप्तपणामुळें उघडी पडते. पण ४० किलो म्हणजे ८८ पौंड, आणि ८८ किलोंचा माणूस असूं शकतो. त्या चुकीची यंत्रास शंका कशी यावी?

पुतण्यानें मांडलेलें गणित वडील डॉक्टरांनीं तपासून मान्य केलें, आणि आत्याबाईंस दिवसाकांठीं एकच इंजेक्शन सुरू झालें. दहाव्या दिवशीं त्या घरीं आल्या. त्याच आठवड्यांत आम्हीं वजनाचा कांटा आणून माजघरांत ठेवला व पंचांगाच्या खिळ्यास एक वही टांगली. तींत घरांतील वडील मंडळींचें वजन, तारीख, क्रिएटिनिन आणि त्याचें माप लिहावयाचें ठरलें. "माणसाला का धान्यासारखं तोलायचं?" असें आत्याबाईंनीं प्रथम म्हणून पाहिलें, पण पुढें दर एकादशीस, फराळापूर्वीं, त्या आपण होऊन कांट्यावर उभ्या राहूं लागल्या. पुढल्या आषाढांत कांट्यानें ३८ दाखविले, तेव्हां त्यांच्या बाकीच्या औषधांचा हिशेब पुन्हा करण्यासाठीं आम्हीं पुतण्यास त्याच दिवशीं फोन केला.